रूम शोधायला गेलात आणि तासभर स्क्रोल करत बसलात? प्रॉपर्टी साइट्स आपल्याला कशा धरून ठेवतात ते समजून घ्या



हिंजवडीजवळ दोघांसाठी एक रूम हवी. बजेट ठरलेलं. एवढंच बघायला तुम्ही रात्री जेवण झाल्यावर प्रॉपर्टीची साइट उघडता. तासाभराने बाणेरचा थ्री बीएचके बघून झालेला असतो, एका पेंटहाऊसचा व्हिडिओ बघून झालेला असतो, वीस वर्षांच्या होम लोनचा हप्ताही काढून झालेला असतो. रूम काही ठरलेली नसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात, "सर, आपको प्रॉपर्टी देखनी थी?"

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलंय. शॉपिंग ॲप आणि रील्स आपल्याला कसं गुंतवून ठेवतात यावर भरपूर बोललं जातं, पण प्रॉपर्टी साइट्सबद्दल कोणी फारसं बोलत नाही. खरं तर इथे आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च पणाला लागलेला असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत यासंबंधी काही महत्त्वाचे नियमही आलेत. म्हणून आज आपण बघूया की या साइट्स आपल्याला का थांबवतात, कशा थांबवतात, आणि त्यात आपला फायदा कुठे आणि तोटा कुठे.

घर एकदाच घ्यायचं, मग रोज कशाला बोलावतात?

आधी पैसा कुठून येतो ते बघू. किराणा आपण दर आठवड्याला मागवतो. घर मात्र माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा विकत घेतो. भाड्याचं घरही सहसा अकरा महिन्यांच्या करारावर घेतो. मग अशा साइटला रोज नवा धंदा कुठून मिळणार?

उत्तर सोपं आहे. घर बघणाऱ्याकडून बहुतेक साइट्स पैसे घेतच नाहीत. पैसे देतात बिल्डर आणि ब्रोकर. आपली जाहिरात वर दिसावी म्हणून देतात आणि ग्राहकाचा नंबर मिळावा म्हणून देतात. या नंबरला त्या धंद्यात "लीड" म्हणतात. नाव, मोबाइल नंबर, कोणत्या भागात घर हवंय, किती बजेट आहे, कधीपर्यंत हवंय, एवढी माहिती एकत्र आली की लीड तयार होते. काही साइट्स मालकांचे नंबर बघण्यासाठी भाडेकरूकडूनही प्लॅनचे पैसे घेतात, पण मुख्य हिशोब हाच.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही साइटवर जितका वेळ घालवाल तितकी तुमची लीड पक्की होत जाते. वन बीएचकेवर किती वेळ थांबलात, कोणता फोटो मोठा करून पाहिलात, बजेटचा स्लायडर किती वर सरकवलात, हे सगळं साइटला नोंदवता येतं. या नोंदींवरूनच पुढच्या वेळी तुमच्यासमोर काय ठेवायचं ते ठरतं.

भारतात हा धंदा तसा जुना आहे. नाइन्टीनाइन एकर्स २००५ मध्ये सुरू झाली आणि मॅजिकब्रिक्स त्यानंतर वर्षभराने. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या काही विद्यार्थ्यांनी मुंबईत भाड्याचं घर शोधताना झालेल्या त्रासातून हाउसिंग डॉट कॉम सुरू केली. तोपर्यंत जागांची नुसती यादी दिसायची. हाउसिंगने नकाशावर घरं दाखवली आणि फोटो स्वतःची माणसं पाठवून काढले. लोक त्या साइटवर जास्त वेळ थांबू लागले, कारण तिथे जास्त माहिती मिळत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

अमेरिकेतलं टोकाचं उदाहरण

हा हिशोब पुढे कुठपर्यंत जातो ते बघायचं असेल तर अमेरिकेतली झिलो ही साइट बघा. ती २००६ मध्ये सुरू झाली. तिने प्रत्येक घराच्या अंदाजे किमतीचा आकडा दाखवायला सुरुवात केली, त्याला "झेस्टिमेट" म्हणतात. स्वतःच्या घराची किंमत किती, शेजाऱ्याच्या घराची किती, बॉसच्या घराची किती, हे घरबसल्या दिसायला लागल्यावर लोक घर घ्यायचं नसतानाही येऊ लागले. कोरोनाच्या काळात हा नाद इतका वाढला की फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅटरडे नाइट लाइव्ह या तिथल्या गाजलेल्या टीव्ही शोने त्यावर विनोदी जाहिरातच केली.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०१८ मध्ये झिलोने स्वतः घरं विकत घेऊन परत विकायचा धंदा सुरू केला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारण कंपनीने स्वतःच सांगितलं: पुढच्या काही महिन्यांत घरांच्या किमती काय होतील याचा अंदाज नीट बांधता येत नव्हता.

म्हणजे बघा, एखादा आकडा लोकांना वर्षानुवर्षं खिळवून ठेवू शकतो, पण म्हणून त्यावर पैसे लावता येतातच असं नाही. आपल्याकडच्या साइट्सवर "या भागात दर अमुक टक्के वाढले" असे आलेख दिसतात, तेव्हा हे आठवा.

थांबवायच्या दोन तऱ्हा

आता मुख्य गोष्ट. साइटवर माणूस थांबला, यात मुळात वाईट काही नाही. मी स्वतः दोन गोष्टी वेगळ्या करून बघतो. पहिली म्हणजे साइट माहिती देऊन थांबवते. दुसरी म्हणजे माहिती लपवून थांबवते.

पहिल्या प्रकारात काय येतं? मोजमापासह फ्लोअर प्लॅन. नकाशावर घर ते ऑफिस, घर ते मेट्रो स्टेशन हे अंतर. खोलीत फिरून बघता येईल असा थ्रीडी टूर. इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, पाण्याची सोय. "या भागात या बजेटमध्ये नवीन रूम आली तर कळवा" असा अलर्ट. यातल्या प्रत्येक गोष्टीने तुमचे चार हेलपाटे वाचतात. नागपूरहून पुण्यात नोकरीला येणाऱ्या मुलीला फोटो आणि फ्लोअर प्लॅन बघून दहातली सात घरं घरबसल्या बाद करता आली, तर तिने साइटवर घालवलेला अर्धा तास सत्कारणी लागला.

दुसऱ्या प्रकारात मात्र तुम्ही थांबता, कारण हवी ती गोष्ट सापडतच नाही. भाडं "कॉल करून विचारा". पत्ता अर्धवट. फोटो कोणत्या तरी दुसऱ्याच फ्लॅटचे. चौकशी केली की "तो फ्लॅट गेला सर, पण दुसरा दाखवतो, थोडा बजेटच्या वर आहे". वेळ इथेही जातोच. साइटच्या आकडेवारीत दोन्ही प्रकारचा वेळ सारखाच दिसतो, "सेशन ड्युरेशन" छान वाढलेलं दिसतं. तुमच्यासाठी मात्र दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

या युक्त्यांना सरकारने नावं दिली आहेत

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. डार्क पॅटर्न म्हणजे ॲप किंवा साइटची अशी रचना, जी तुम्हाला चकवून तुमच्या मनात नसलेली गोष्ट करायला लावते. त्यात १३ प्रकार दिले आहेत. भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना ती लागू आहेत, म्हणजे प्रॉपर्टी साइट्सनाही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. घर शोधताना यातले कोणते प्रकार भेटतात ते बघू.

खोटी घाई: "आत्ता ११ जण हा फ्लॅट बघत आहेत", "या दरात शेवटची २ युनिट्स". खरं असेल तर ती माहिती. खोटं असेल तर डार्क पॅटर्न. कशाला किती मागणी आहे हे खोटं फुगवून दाखवणंही यातच येतं.

आमिष दाखवून बदल: स्वस्त, सुंदर फ्लॅटची जाहिरात टाकायची आणि चौकशी आली की दुसराच महाग फ्लॅट पुढे करायचा.

सतत पिच्छा पुरवणं: ॲप डाउनलोड करा, नोटिफिकेशन चालू करा, नंबर द्या, असं पुन्हा पुन्हा विचारायचं आणि "नको" म्हणायला बटणच ठेवायचं नाही.

थेंबाथेंबाने किंमत: सुरुवातीला एक आकडा दाखवायचा आणि बाकीचे खर्च शेवटी एकेक करून सांगायचे. फ्लॅटच्या बाबतीत पार्किंग, क्लबहाऊस, मेंटेनन्सचं डिपॉझिट अशी यादी वाढत जाते. भाड्याच्या बाबतीत ब्रोकरेज आणि सोसायटीचे चार्जेस.

छुपी जाहिरात: पैसे देऊन वर आणलेला प्रोजेक्ट "तुमच्यासाठी निवडलेलं" म्हणून दाखवायचा.

आता नंबर मागण्याबद्दल. मालकाशी बोलायला नंबर लागतो, हे मान्य. पण फक्त भाडं किंवा फ्लोअर प्लॅन बघायलाही ओटीपी मागितला जातो, तेव्हा मी सावध होतो. एका साइटवर मी मुद्दाम वेगळा नंबर टाकून एकाच फ्लॅटची चौकशी केली होती. फोन आले ते वेगवेगळ्या प्रोजेक्ट्सचे, आणि त्यातल्या काही भागांची नावं मी सर्चमध्ये टाकलीही नव्हती. ओटीपीच्या खाली बारीक अक्षरात "आम्ही आणि आमचे पार्टनर तुमच्याशी संपर्क करू" अशी ओळ होती आणि तिच्यासमोरच्या चौकटीत आधीच टिक केलेली होती.

हप्त्याच्या स्लायडरची गंमत

ईएमआय कॅल्क्युलेटर हे या साइट्सचं आवडतं खेळणं. एकदा माणूस स्लायडर सरकवायला लागला की पाच मिनिटं कुठे गेली कळत नाही. हे साधन चांगलं की वाईट, हे त्यात कोणता आकडा मोठ्या अक्षरात दिसतो यावर ठरतं.

समजा कर्ज ५० लाख, व्याजदर ८.५ टक्के. २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता येतो साधारण ४३,३९० रुपये. स्लायडर ३० वर्षांवर नेला की हप्ता होतो साधारण ३८,४४५ रुपये. जवळपास पाच हजार वाचले, छान वाटलं! पण आता एकूण व्याज बघा. २० वर्षांत ते साधारण ५४ लाख होतं आणि ३० वर्षांत ८८ लाखांच्या पुढे जातं. महिन्याला पाच हजार वाचवायची किंमत ३४ लाख रुपये.

ज्या कॅल्क्युलेटरमध्ये हप्ता आणि एकूण व्याज शेजारी शेजारी दिसतं, तो तुम्हाला शिकवतो. ज्यात फक्त हप्ता दिसतो आणि खाली "तुम्ही पात्र आहात, अर्ज करा" हे बटण चमकतं, तो लीड गोळा करतो.

कॅल्क्युलेटरमध्ये बहुतेक वेळा न दिसणारे खर्चही आहेत. महाराष्ट्रात घर घेताना मुद्रांक शुल्क भरावं लागतं आणि नोंदणी शुल्क भरावं लागतं. ३० लाखांवरच्या घराला नोंदणी शुल्क ३० हजार रुपये असतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, तो परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटला १ टक्का आणि इतर फ्लॅट्सना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

महारेराचा क्यूआर कोड का महत्त्वाचा?

नवीन प्रोजेक्ट बघत असाल तर तुमच्या हातात एक मोठं शस्त्र आहे आणि ते फुकट आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणी लागणारा प्रोजेक्ट नोंदणी झाल्याशिवाय विकता येत नाही आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. ऑनलाइन जाहिरातीतही.

तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं महारेराच्या साइटवरचं पान उघडतं. मंजूर नकाशे, काम पूर्ण करायची तारीख, किती युनिट्स बुक झालीत, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात केस आहे का, हे तिथे बघायला मिळतं. "शेवटची २ युनिट्स" ही ओळ खरी आहे का ते इथे तपासून बघा. बिल्डरने तिथे भरलेली माहिती किती जुनी आहे तेवढं पाहून घ्या.

चटईक्षेत्राचंही तसंच. आपण ज्याला कार्पेट एरिया म्हणतो त्याची रेरात व्याख्या आहे: घरातली वापरता येणारी जागा आणि आतल्या भिंती. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. साइटवर "९०० स्क्वेअर फूट" लिहिलं असेल तर ते कार्पेट आहे की सुपर बिल्ट-अप, हा पहिला प्रश्न विचारा. आणखी एक, विक्री कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. भाड्याच्या घराला आणि जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला हा प्रोजेक्टचा क्यूआर कोड लागू नाही. तिथे आपली आपणच काळजी घ्यायची.

डेटा कायद्याचं काय?

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्यानुसार संमती स्वेच्छेने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्टपणे दिलेली हवी. आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. म्हणजे आधीच टिक केलेली चौकट आणि "आमचे पार्टनर" ही गोलमाल ओळ यापुढे चालवणं कठीण जाणार आहे.

पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिन्यांचा वेळ दिलेला आहे, म्हणजे २०२७ चा मे महिना उजाडेल. माझ्या मते खरी परीक्षा तेव्हाच होईल, कारण लीड विकणं हाच ज्यांचा धंदा आहे त्यांना "हा नंबर कोणाकोणाला दिला?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

१. साइट उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: भाग, जास्तीत जास्त बजेट, आणि कुठलीही तडजोड चालणार नाही अशी एक गोष्ट. फिल्टर त्याप्रमाणेच लावा.

२. चौकशीसाठी शक्यतो दुसरं सिम आणि वेगळा ईमेल वापरा. संमतीच्या चौकटीतली टिक काढता येते का ते बघा.

३. ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी द्यायची काहीच गरज नाही. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनमध्ये लोकेशन "अंदाजे" देता येतं, तेवढं पुरे. अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशनसाठीही परवानगी मागावी लागते, तिथे नाही म्हणा.

४. नको असलेले कॉल येत असतील तर १९०९ वर डीएनडी लावा. स्पॅम कॉलची तक्रार ७ दिवसांच्या आत करता येते.

५. रूम न बघता टोकन देऊ नका. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायलाच.

६. भाड्याचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्रात नोंदवणं बंधनकारक आहे आणि ते ऑनलाइन होतं. "नोंदणी कशाला, नोटरी करू" याला हो म्हणू नका.

७. डार्क पॅटर्न दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा.

आणि तुम्हीच अशी साइट बनवत असाल तर?

आपल्या वाचकांमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकणारेही बरेच आहेत. गावातल्या बिल्डरने किंवा ओळखीच्या ब्रोकरने साइट बनवायला सांगितली तर पहिली मागणी येते, "लोक साइटवर थांबले पाहिजेत". पॉपअप लावून माणूस थांबत नाही, तो बॅक दाबतो. साइटचा वेग सुधारा. मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. फोटो लोड होताना पान हलत असेल आणि "परत" ऐवजी "कॉल करा" दाबलं जात असेल, तर तेही दुरुस्त करा.

भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज आणि कार्पेट एरिया पहिल्या स्क्रीनवर लिहा. रूम गेली की त्याच दिवशी जाहिरात काढा. मराठीत माहिती द्या, कारण निर्णय घेताना घरातले मोठेही मोबाइल हातात घेतात. आणि बिल्डरला दाखवायचा आकडा बदला. किती मिनिटं थांबले यापेक्षा चौकशी करणाऱ्यांपैकी किती जण खरंच घर बघायला आले, हे मोजा. जो ब्रोकर रोज पन्नास थंड नंबरांवर फोन फिरवतो, त्यालाही यातच फायदा आहे.

थोडक्यात सांगायचं तर, प्रॉपर्टी साइट वापरून झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: एवढ्या वेळात माझी एखादी शंका मिटली का? भाडं कळलं, अंतर कळलं, कार्पेट एरिया कळला, तर वेळ चांगला गेला. नुसते फोटो बघून झाले आणि नंबर तेवढा देऊन आलात, तर त्या तासाभरात काम साइटचं झालं, तुमचं नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये सध्या कोणी रूम किंवा फ्लॅट शोधत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. टोकनचे पैसे देण्याआधी पाठवलात तर जास्त बरं!